ठमाबायची खांड

खाडीवर पूल नव्हता, आपल्या पणज्यांचे पणजे पाळण्यात होते, तेव्हाची ही गोष्ट. मधोमध हा आपला जुवा, म्हणजे खाडीतलं बेट, चहूकडे खारं पाणी, आणि ते भातशेतीत शिरू नये म्हणून भोवती चिखलाचा बांध. भातातला वाटा पलीकडच्या राजाला जायचा. पण जुव्याचा नाईक जुवाच ठरवायचा, असं त्याच राजाच्या आजाचं वचन होतं.

नाईक कसा ठरायचा, ऐका. बांध भरताना, ज्याला नाईक व्हायचं त्यानं चिखलात उभं राहायचं, घराघरानं त्याच्या पायाशी मातीची पाटी ओतायची आणि त्यानं ती तुडवायची. माती मिळाली तो नाईक. नाही मिळाली, तर पाय धुऊन गुमान घरी जायचं.

तेव्हा ठमाबाय नाईक होती. बाई कशी काय, असं विचारू नका. माती मिळाली होती तिला! जीभ तिखट, पण न्याय चोख. एका वाईट साली तिनं राजाला सांगितलं, "औंदा वाटा नाही, लेकरं उपाशी आहेत." राजाला ते झोंबलं. त्यानं मानाजीराव नावाचा सरदार धाडला. डोक्याला जरीची पगडी, हातात सनद. "आजपासून नाईक मी," तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या आणि आपापल्या कामाला लागले. त्याच्या हुकमाला चिटपाखरू हलत नसे.

मग भादव्याचं उधाण आलं. भात पोटरीत होतं आणि बांधाला खांड पडली, हत्ती जाईल एवढी! मानाजीराव सगळ्यांआधी धावला आणि खांडीत उभा राहिला. माणूस भित्रा नव्हता, खोटं कशाला बोलू?

"माती टाका!" तो ओरडला.

अख्खा जुवा भरल्या पाट्या घेऊन आला आणि उभाच राहिला. माती टाकली तर त्याला नाईक मानलं, असं होणार ना! शेत बुडालं तरी बेहत्तर. अशी आपली खोपडी, दुसरं काय!

तेवढ्यात कासोटा खोचून ठमाबाय आली आणि त्याच्या शेजारी खांडीत उतरली. झालं! आता माती दोघांच्या पायाशी पडणार. कोणी हलेना. पाणी कमरेला लागलं.

"रावजी, बाहेर निघा," ती म्हणाली.

"मी निघालो तर राजाची अब्रू गेली."

"आणि मी निघाले तर जुवा गेला. मी काही निघत नाही."

पाणी छातीला लागलं. मानाजीरावानं वर पाहिलं. भरल्या पाट्या, आणि एकही हात पुढे येत नव्हता. इथे आपल्याला बुडता येईल, नाईक होता येणार नाही, हे त्याला तेव्हा कळलं. तो बाहेर आला. पाटी मागितली, कोणी देईना. मग त्यानं पगडी काढली, तिच्यात चिखल भरला आणि ठमाबायच्या पायाशी ओतला.

मग काय विचारता! माती नुसती बरसली. ठमाबाय तुडवत राहिली. असं म्हणतात, समुद्र तिच्या पाठीमागे माडाएवढा उभा राहिला, पण खांद्यावरून एक थेंब आत आला नाही. ओहोटी लागली तेव्हा ती बांधाच्या माथ्यावर उभी होती आणि पाय अजून चालतच होते.

राजानं विचारलं, "बांध कोणी बांधला?" मानाजीराव म्हणाला, "जिला माती मिळाली तिनं." पुन्हा राजानं कधी नाईक धाडला नाही, असं म्हणतात.

आज राजा नाही, पूल झालाय, निवडणुका होतात. तरी निवडून आलेला सरपंच आधी अनवाणी ठमाबायच्या खांडीवर येतो. पहिली माती डोक्यावरच्या टोपीत किंवा फेट्यात भरून कोणी परगावचा पाहुणा टाकतो. मग घरं येतात. आली तर. मागे एकजण ढोलताशे लावून आला होता, दिवस मावळेपर्यंत उभा होता. पाय धुवायचीसुद्धा गरज पडली नाही त्याला.