हात दिसतोय, बुवा

"कुठूनही दिसेल म्हणजे कुठून?" भारतीबुवांनी विचारलं.

"कुठूनही म्हणजे कुठूनही," नवनाथ शिडीवरून म्हणाला. "पुणं, मुंबई, दुबई. हातात फोन पाहिजे आणि फोनला रेंज पाहिजे. बास."

"आणि इथून?"

"इथून कशाला बघायचं? इथं तुम्ही आहातच की."

"तेच म्हणतो मी," बुवा म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.

टेकडीवरच्या त्या मठात बुवा एकटेच राहत. गेल्या महिन्यात मठाची घंटा चोरीला गेली. बुवांनी चार दिवस टाळ्या वाजवून आरती केली. पण ट्रस्टचे अध्यक्ष निकमसाहेब पुण्याला राहायचे, त्यांना काही चैन पडेना. त्यांनी तालुक्याच्या दुकानात फोन केला आणि दुकानातून कॅमेरा बसवायला नवनाथ आला.

खरं तर शेठ त्याला म्हणाला होता, दोन-चार दिवस घरी थांब. नवनाथ थांबला नाही. घरी थांबून भिंतींकडे बघायचं तरी किती!

त्यानं स्क्रू आवळला, शिडीवरून निम्म्यातच उडी मारली आणि फोन काढला.

"आता हे ऑनलाईन करायचं. म्हणजे साहेबांना तिकडं बसून तुमचं सगळं अंगण दिसंल. चोर आला की लगेच कळंल."

"कळलं की काय करतील?"

"फोन करतील."

"कुणाला?"

"तुम्हाला!"

बुवांनी मान डोलवली. "म्हणजे चोर माझ्या दारात आलाय, हे मला पुण्याहून कळणार."

नवनाथला राग आला. तो आठवीतून शाळा सोडलेला गडी. पण कॅमेऱ्याच्या कामात तालुक्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. बंगलेवाले, डॉक्टर, हेडमास्तर, सगळे त्याला अहो-जाहो करायचे. आणि हा शेंगा खाणारा म्हातारा त्याची टर उडवत होता.

"बुवा, तुम्हाला यातलं कळायचं नाही. पासवर्ड काय ठेवू ते सांगा."

"ते काय असतं?"

"कुणी परका आत शिरू नये म्हणून एक शब्द ठेवतात. आपल्यालाच ठाऊक असलेला."

"ठेव तुझ्या मनानं. मला माझ्या घरात शिरायला काही लागत नाही."

नवनाथनं चरफडत कुत्र्याचं नाव विचारलं. वाघ्या. वाघ्या आणि पुढं एक-दोन-तीन, असा पासवर्ड ठेवला. पायरीवर झोपलेल्या वाघ्यानं आपलं नाव ऐकून एक डोळा उघडला, मिटला.

ऊन वाढलं होतं. कपाळावरचा घाम पुसायला नवनाथनं टोपी काढली. लगेच ध्यानात येऊन परत घातली... पण बुवांनी पाहायचं ते पाहिलं. डोकं तुळतुळीत होतं आणि भादरलेल्याला आठवडाही झाला नव्हता.

"वडील?" बुवांनी विचारलं.

"ते मी लहान असतानाच गेले." तो फोनकडंच बघत होता. "थोरला भाऊ. अण्णा. काल तेरावा झाला."

बुवांनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

न बोलणाऱ्या माणसापुढं नवनाथला फार वेळ गप्प बसता येत नसे. त्यानं फोनवर दोनदा बोट फिरवलं आणि फोन बुवांपुढं धरला.

"हे बघा. आमची वस्ती. इथून अठरा किलोमीटर. कुठूनही दिसतं म्हणालो न्हवं का? बघा!"

फोनमध्ये एक रिकामं अंगण होतं. डाव्या बाजूला शेळ्यांचा मोकळा गोठा. मधोमध मांडवाचा एक खांब आणि त्याच्या पायाशी दगडी कट्टा. कट्ट्यावर ऊन पडलं होतं.

"कुणीच नाही," बुवा म्हणाले.

"आता कोण असणार..."

मग तो मठाच्या पायरीवर टेकला आणि बोलत सुटला.

अण्णानं त्याला वाढवलं होतं. शेळ्या राखून, लग्नबिग्न न करता. नवनाथ तालुक्याला कामाला लागला तेव्हा पहिल्या महिन्यात दर रविवारी वस्तीवर जायचा. मग महिन्यातून एकदा. मग त्यानं वस्तीवर कॅमेरा बसवला.

"अण्णा म्हणाला, 'आरं, हे यंत्र माझी लुंगी सुटली तरी दाखवणार का?' मी म्हटलं, दाखवणार. तेव्हापासून अंगणात आला की आधी लुंगी घट्ट करायचा, मग वर बघायचा."

नवनाथ हसला.

"रोज सकाळी कॅमेऱ्याखाली यायचा. एक हात वर करायचा आणि विचारायचा, 'नवा, जेवलास का?' आवाज मला यायचा न्हाई. ओठांवरनं कळायचं. मी इकडं हो म्हणायचो."

"त्याला ऐकू जायचं?"

"न्हाई."

"आवाज का यायचा नाही?"

"मीच बंद केलेला. दिवसभर नुसतं ब्या-ब्या. आणि अंगणात काही हललं की फोन वाजायचा, तेबी बंद केलं. एक शेळी उठली की टिंग, दुसरी बसली की टिंग. कामात जीव रमायचा न्हाई." तो थांबला. "त्याला सांगितलं होतं मी, आता येण्याजाण्याचं काय काम, रोज भेटतोच की आपण. सात महिन्यांत दोनदा गेलो, बुवा. दोनदा..."

वाघ्या उठला, अंग झाडून सावलीत जाऊन पडला.

"त्या दिवशी एका बंगल्यावर काम चाललं होतं. शिडीवर होतो. दुपारचे दोन वाजले असतील. सहज फोन उघडला. अण्णा कट्ट्यावर बसलेला, खांबाला पाठ लावून. हात वर केलेला. मी पण शिडीवरनं हात केला. ह्यो असा. आणि फोन खिशात टाकला."

बुवा पुढं सरकून बसले.

"दुपारच्याला तो कट्ट्यावर बसायचाच न्हाई, बुवा! तिथं ऊन असतं. दुपारी तो गोठ्यात बसायचा सावलीला. त्याचा फोन आत चार्जिंगला लावलेला. तेवढं चालवलं नसंल त्याला. म्हणून कॅमेऱ्यापुढं आला... मला हे कळायला नको? मी बसवलेला कॅमेरा. कट्टा दिसावा म्हणून मीच तो अर्धी वीत खाली वाकवलेला."

"मग?"

"संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरचा ईश्वरा आला शेळ्यांचा आरडाओरडा ऐकून. मी पोचलो तोवर त्यांनी अण्णाला घोंगडीवर निजवला होता. ईश्वरा म्हणाला, हात तसाच वर होता खांबाला टेकलेला. आखडलेला. दोघांनी मिळून खाली घेतला..."

त्यानं टोपीची कड चाचपली.

"दहाव्याला कावळा शिवंना. दीड तास उन्हात उभे. चुलता मला म्हणतो, तू बोल, त्याचं काय राहिलंय ते तुलाच ठाऊक. काय बोलू? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळे आंघोळ करून घरी गेले."

बुवांनी तांब्या पुढं केला. नवनाथनं तो घेतला नाही. त्याच्या मनात काही वेगळंच होतं, आणि ते विचारायलाच जणू तो टेकडी चढून आला होता.

"बुवा, त्या कॅमेऱ्याच्या कार्डात चौदा दिवस मावतात. पंधराव्या दिवशी पहिला दिवस आपोआप पुसला जातो. आज चौदावा. उद्या दुपारी दोनला अण्णाचा तो हात कायमचा जाणार."

"तू पाहिलंस ते?"

"हिंमत होत न्हाई. उतरवून ठेवायचं तरी आधी बघावं लागतं. रोज उघडतो, तारखेवर बोट ठेवतो आणि बंद करतो." तो एकदम उठला आणि फोन बुवांच्या मांडीवर ठेवला. "तुम्ही बघा. तुम्ही मोठे आहात, माणसं ओळखता. नुसतं बघून सांगा, अण्णा मला बोलवत होता, का नेहमीसारखा जेवलास का म्हणत होता? एवढंच. जेवलास का म्हणत असंल तर मी जगंन, बुवा. बोलवत असंल तर..."

"तर?"

नवनाथनं तोंड फिरवलं.

बुवांनी फोन उचलला आणि न बघताच त्याच्या हातात परत दिला.

"इथलं काम पुरं झालं?"

नवनाथ त्यांच्याकडं बघतच राहिला. मी काळीज काढून पुढं ठेवलं आणि हा विचारतो, काम पुरं झालं का! साधू म्हणे. दगड आहे दगड.

"टेस्टिंग राहिलंय," तो तुटकपणे म्हणाला.

"ते कसं करतात?"

"इथं वायफायवर दिसून उपयोग न्हाई. वायफायच्या टप्प्याबाहेर जायचं, ते बंद करायचं, मोबाईलच्या नेटवर उघडायचं. तिथं दिसलं म्हणजे पुण्यात दिसणार."

"मग कर की."

नवनाथ तरातरा निघाला. मठाच्या नव्वद पायऱ्या. खाली चिंचेपाशी पोचला, दगडावर बसला, वायफाय बंद केलं आणि मठाचा कॅमेरा उघडला.

गोल फिरलं, फिरलं... आणि अंगण आलं. स्वच्छ. शेंगांची पाटी दिसत होती. सावलीत वाघ्या दिसत होता.

बुवा मघाच्या जागी नव्हते. ते भर उन्हात, सभामंडपाच्या खांबाला पाठ लावून बसले होते. कॅमेऱ्याकडं तोंड करून. एक हात वर होता.

नवनाथनं वर तोंड करून हाळी दिली, "हात दिसतोय, बुवा! झालं! उठा आता!"

चित्रातला हात वरच राहिला.

आवाज पोचला नसेल. त्यानं पुन्हा हाळी दिली. टेकडीवरून काही उत्तर आलं नाही.

चित्र अडकलं असेल, नवनाथच्या मनात आलं. नेट कमी असलं की अडकतं. तेवढ्यात वाघ्यानं शेपूट हलवली. उठला. बुवांजवळ गेला, त्यांचा पाय हुंगला आणि कॅमेऱ्याबाहेर निघून गेला.

चित्र अडकलेलं नव्हतं.

नवनाथनं बुवांचे ओठ बघायचा प्रयत्न केला. ओठ मिटलेले होते. डोळे उघडे का मिटलेले, ते कळत नव्हतं. हात थोडा खाली आला, खांबाला टेकला, आणि तसाच राहिला.

पुढचं त्याला आठवत नाही. नव्वद पायऱ्या तो कसा चढला, मधे कुठं ठेच लागून अंगठा फुटला, काही नाही. फक्त स्वतःचीच आरोळी कानात होती, आणि ती बुवांच्या नावानं नव्हती.

"अण्णा! अण्णा!"

बुवा खांबाशी बसले होते. तोंडावरून घाम ओघळत होता, आणि वर धरलेला हात काडीसारखा कापत होता. पण डोळे उघडे होते. ते नवनाथकडं बघत होते.

"काय झालं, बुवा? छातीत दुखतंय? पाणी देऊ?"

"काही नाही झालं."

"मग... मग हात का वर धरलाय?"

बुवा त्याच्या धापा टाकणाऱ्या छातीकडं, फुटलेल्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"अण्णा मला बोलवत होता?"

नवनाथ आणखी जवळ सरकला.

"सांगा की! बोलवत होता, का नुसताच..."

नवनाथ तिथंच खाली बसला. आतापर्यंत स्मशानात नाही, दहाव्याला नाही, तेराव्याच्या पंगतीत नाही, असा तो आता रडला. मोठ्यानं, लहान पोरासारखा, नाक पुसायचं भान नसलेला. वाघ्या लांबूनच बघत होता.

"त्या दिवशी का न्हाई पळालो मी... शिडीवरनं उतरायला कितीसा वेळ लागला असता..."

रडू ओसरलं, तेव्हा त्याला वाटलं, बुवा आता काहीतरी बोलतील. तुझी चूक नाही, म्हणतील. किंवा तुझीच चूक आहे, म्हणतील. बुवा यातलं काहीच म्हणाले नाहीत.

ऊन सरकत होतं. नवनाथनं सवयीनं खिसा चाचपला. खिसा रिकामा. दुसराही रिकामा.

"फोन..." तो उठू लागला. "फोन खाली चिंचेखाली राहिला. उघडाच. कुणी उचलला तर... त्यावरच अण्णा दिसतो... उद्या दोनला..."

बुवांचा हात अजून वरच होता, खांबाला टेकलेला.

"फोन नंतर आण," ते म्हणाले. "आधी हा हात खाली घे, नवा. अवघडलाय."