दोन गुरुजी

“...पण त्याला माझं नाव कशाला?” मुजावर गुरुजींनी विचारलं.

सौमित्रनं लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला होता. पुण्याच्या ऑफिसात सगळे त्याला ‘गुरुजी’च म्हणत. गुरुजी आज तापलेत, गुरुजींनी फुकट वजीर घालवला, काल गुरुजींना जरा सुधारलं... असं सर्रास चाले.

“बुद्धिबळ तुम्ही शिकवलंत. दुसरं नाव सुचलंच नाही मला.”

“बरं. मग सुधारले का ते?”

“पुष्कळ. खेळून तर बघा.”

मिरजेतल्या घराच्या ओसरीवर डाव मांडला. लॅपटॉपवर चाल उमटली की सौमित्र ती पटावर करी. मध्येच बराच वेळ चाल येईना. मुजावर गुरुजीही कपाळाला हात लावून पटाकडे बघत बसले होते.

“थांबा,” सौमित्र म्हणाला, “गुरुजी विचार करतायत.”

“कोणते?”

सौमित्र हसला.

तासाभरानं मुजावर गुरुजींनी आपला राजा आडवा केला. हरल्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. सौमित्रलाच, कोण जाणे का, मनासारखा आनंद होईना.

“छान खेळतात,” ते म्हणाले. “तू बसतोस का त्यांच्यासमोर?”

“मी खेळणं सोडलं, गुरुजी. राज्य स्पर्धेत हातात आलेला डाव घालवला, तेव्हापासून पटाला हात लावला नाही. आता प्रोग्रामांच्या स्पर्धेत हेच उतरतात.”

“हं... आणि हे हरले तर?”

“हरले की मागच्या महिन्यात. शेवटच्या फेरीत.”

“वाईट वाटलं त्यांना?”

“त्यांना कसं वाटेल...”

“मग त्या दिवशी जेवलं कोण नाही?”

आतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

“मी,” सौमित्र म्हणाला.

मुजावर गुरुजींनी मोहरे पुन्हा जागच्या जागी लावले. एकेक, सावकाश. पांढरे सौमित्रच्या बाजूला.

सौमित्रनं राजापुढच्या प्याद्याकडे हात नेला. पण लगेच मागे घेतला. सवयीनं त्याची नजर लॅपटॉपकडे वळली.

“आता,” मुजावर गुरुजी म्हणाले, “गुरुजींना बंद कर.”