अडवा रे त्याला

"पण मला कुणीच का अडवलं नाही, चाचा?"

मोरेश्वर दिवेकराने पुन्हा तेच विचारलं. पायरीवर बसलेले मुबारकचाचा काथ्याची दोरी वळत राहिले.

मोरेश्वर म्हणजे खाडीकाठच्या त्या गावातला राम. रामनवमीच्या जत्रेत होणाऱ्या खेळातला, आणि आता खेळाच्या मंडळीचा मालकही. उभं राहण्यापासून रडण्यापर्यंत सारं त्याला चाचांनी शिकवलं होतं. चाचा सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्याला लागलेल्या लोकांचे वंशज, काळेभोर, कुरळ्या केसांचे. आधी त्यांचे वडील आणि मग ते, गावाने दुसरा दशरथ पाहिलाच नव्हता.

त्या खेळाची रीतच न्यारी. राम वनवासाला निघाला की दशरथ हाक द्यायचा, "अडवा रे त्याला!" आणि बघे उठायचे. कोळणी, ब्राह्मणआळीतल्या आज्या, मोहल्ल्यातले म्हातारे, बौद्धवाडीतली शाळकरी पोरं. एरवी एकमेकांच्या उंबऱ्याला न जाणारी माणसं हातात हात धरून वाट अडवायची. रामाने एकेकाच्या विनवण्या कराव्या, तेव्हा कुठे सुटका. खेळ लांबायचा, पण कुणी कुरकुरत नसे.

यंदा कुणी उठलं नाही. मोरेश्वर चालत थेट मांडवाबाहेर गेला. तिथे एक कुत्रं निजलं होतं, तेही उठून बाजूला झालं.

"नवा दशरथ काही वाईट नाही," मोरेश्वर म्हणाला. "उंचापुरा, गोरापान. शहरातल्या स्पर्धेत बक्षीस आणलं त्याने."

"असेल."

"मग त्याच्या हाकेत कमी काय पडलं? तुम्ही कशी द्यायचात हाक?"

"तोंडाने."

मोरेश्वराला रागच आला. गुरू झाला म्हणून काय झालं, सरळ उत्तर द्यायला काय जातं?

"थट्टा नको, चाचा. माणसं तीच, मांडव तोच, शब्दसुद्धा तेच. मग?"

चाचांनी दोरी मांडीवर ठेवली.

"स्पर्धेच्या तालमीत मला काय म्हणालास, आठवतं?"

न आठवून कसं चालेल? देवळाच्या सभामंडपात, भरल्या गावासमोर तो म्हणाला होता, 'परीक्षक हसतील चाचा. रामाचा बाप असा दिसतो का?'

"ते स्पर्धेपुरतं होतं," तो पुटपुटला.

"तेव्हा मंडपात कोण कोण होतं?"

"सगळेच."

"आणि मी निघालो तेव्हा?"

"... बसले होते."

"त्या दिवशी गाव बसायला शिकलं, मोरू. आता एका हाकेनं कसं उठेल?"

मोरेश्वराने मान खाली घातली. लहानपणी याच माणसाच्या मांडीवर बसून त्याने संवाद पाठ केले होते. खेळातला बाप कुठला आणि घरातला कुठला, हा घोळ त्याच्या डोक्यातून बरीच वर्षं गेला नव्हता. आणि त्या दिवशी तो मंडपाच्या दारातच उभा होता. चाचा जवळ आले तसं त्याने अंग चोरून त्यांना वाट करून दिली होती. ते आठवून त्याला आत्ता स्वतःची शरम वाटली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पुढच्या जत्रेला परत या. साऱ्या गावासमोर तुमचे पाय धरतो. पण या."

चाचांनी मांडीवरची दोरी बाजूला ठेवली. मग पायरीला हात टेकून उठले. पाठ ताठ केली. उजवा हात पुढे झाला, आणि क्षणभर अंगणात खरोखरच अयोध्येचा राजा उभा राहिला.

त्यांनी तोंड उघडलं.

"अड..."

नुसता वारा बाहेर आला. पुन्हा एकदा वारा. बोलण्यापुरता आवाज होता त्यांच्याकडे, हाकेपुरता उरला नव्हता.

"कधीपासून?" मोरेश्वराने कसंबसं विचारलं.

"वापरला नाही ना कुठे."

चाचा खाली बसले आणि दोरी हातात घेतली.

मोरेश्वराला तिथे थांबवेना. त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, डोळे पुसले आणि झपाझपा फाटकाकडे निघाला.

"मोरू."

तो थबकला.

"एवढ्या घाईनं जाऊ नये रे..."

...

"मी त्या दिवशी मंडपातून निघालो, तेव्हा फार सावकाश चाललो होतो."