फडकं आणि मिशी

फार जुनी गोष्ट आहे. राजे लोक दवंडी पिटवून राज्य करत आणि माणसं ती दवंडी ऐकून आपसांत भांडत, त्या काळातली.

एका डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचं गाव होतं. घरोघरी भट्टी, घरोघरी ऐरण. हंडे, घागरी, तपेली ठोकण्याचा आवाज उजाडल्यापासून सुरू होई तो दिवेलागणीपर्यंत चाले. अशा गावात कान किती दिवस टिकणार? चाळिशी आली की तांबटाचे कान अर्धे गेलेलेच असत.

पण त्यावाचून कोणाचं अडत नसे. गावची रीतच अशी होती, की बोलणाऱ्याने समोर यायचं, तोंड दाखवायचं आणि मग बोलायचं. ऐकणाऱ्याने त्याच्या ओठांकडे बघायचं. कोणी पाठ फिरवून बोललं तर तो मोठा अपमान समजत. त्यामुळे त्या गावात पाठीमागे निंदा करायची सोयच नव्हती, असं म्हणतात. माझा काही त्यावर विश्वास नाही. माणसं सोय करून घेतात.

गावात एक शाळा होती आणि शाळेत एक पंतोजी होते. पंतोजींची मिशी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. ती वरच्या ओठावरून उतरून खालचा ओठही झाकून टाकी. ताक पिताना दोन बोटांनी ती वर धरावी लागे. परगावचा पाहुणा आला की गावकरी त्याला आधी देऊळ दाखवत आणि मग पंतोजींची मिशी.

या शाळेत धोंडू आणि सगुणा ही दोन पोरं एका चटईवर बसत.

धोंडूच्या आईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव तिने धोंडू ठेवलं. धोंड्याकडे मरण कशाला बघेल, असा तिचा विचार. मरणाने बघितलं नाही खरं, पण पोराची छाती कच्चीच राहिली. धूर झाला, गारठा पडला की त्याला धाप लागे.

सगुणाला आई नव्हती. बापाने तिला एकट्याने वाढवलं होतं. तिचे कान चाळिशीची वाट बघत बसले नाहीत, तिसऱ्या वर्षीच तापात गेले. ती माणसांच्या ओठांवरून सगळं समजून घेई आणि जरा सपाट आवाजात, पण नीट बोले. पोरगी हुशार होती. पाढे घडाघडा म्हणायची. पंतोजी तिच्या बापाला सांगत, "तुझी लेक माझा शब्द न् शब्द टिपते." बापाची छाती फुगे.

एका वर्षी खोकल्याची साथ आली. काही म्हातारी माणसं गेली, दोन तान्ही लेकरं गेली. राजाने दवंडी पिटवली, "सर्वांनी नाकातोंडाला फडकं बांधावं हो! शाळा बंद ठेवाव्यात हो!" गावाने ऐकलं. भीती खरी होती, तेव्हा भांडायला कोणाला सवड नव्हती.

हळूहळू साथ ओसरली. मग दुसरी दवंडी आली, "शाळा सुरू कराव्यात हो! पोरांनी फडकं बांधावं की न बांधावं, हे ज्याच्या त्याच्या आईबापांनी ठरवावं हो!"

राजा एवढं सांगून मोकळा झाला. गावाची मात्र झोप उडाली.

धोंडूच्या आईने जुन्या लुगड्याचं मऊ फडकं शिवलं आणि पोराच्या तोंडाला बांधलं. सगुणाच्या बापाने लेकीचं फडकं चुलीत घातलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी येऊन धोंडूच्या आईच्या कानाला लागलं, "तुझा धोंडू शाळेत फडकं खाली ओढतो आणि त्या सगुणाशी गप्पा मारतो."

ती तशीच सगुणाच्या दारात गेली.

"भाऊजी, तुमच्या पोरीला आवरा. तिच्या नादी लागून माझं पोर तोंड उघडं टाकतं. माझी दोन गेलीत. हे मी जाऊ द्यायची नाही."

"वहिनी, पोर आहे का मळणीचा बैल? मुसकं कसलं बांधता त्याला!" बाप म्हणाला. "आणि माझ्या लेकीला तोंडं दिसायला नकोत? सगळ्यांनी तोंडं झाकली तर तिने भिंतीकडे बघून शिकायचं का?"

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होती. भांडण पेटायला तेवढं पुरतं.

बघता बघता गावात दोन तट पडले. फडकेवाले म्हणत, "यांना लेकरांची पर्वा नाही." उघडे म्हणत, "यांनी भीतीला घरजावई करून ठेवलंय." एका घरी बारशाचं आमंत्रण गेलं नाही, दुसऱ्या घरच्या घागरी कल्हई न करता परत आल्या. ज्यांना पोरंच नव्हती, ती माणसं सगळ्यांत जोरात भांडत होती.

शेवटी देवळासमोर सभा बसली. आता गंमत बघा. फडकेवाले बोलत तेव्हा त्यांचे ओठ दिसत नसत, म्हणून उघड्यांना एक अक्षर कळेना. उघडे बोलू लागले की त्यांचा श्वास अंगावर नको म्हणून फडकेवाले पाठ फिरवून बसत. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या एकमेकांची तोंडं बघून ऐकलं, त्या गावाने त्या दिवशी पाठीला पाठ लावून सभा घेतली. घसे तेवढे बसले.

तोडगा काय निघाला? शाळेच्या मधोमध दोरी बांधून त्यावर मोठं जाजम टाकायचं. डावीकडे फडकेवाली पोरं, उजवीकडे उघडी पोरं. पंतोजींनी थोडा वेळ इकडे शिकवायचं, थोडा वेळ तिकडे. सगळे म्हणाले, वा! दोन्हीकडचे जिंकले. पोरांना मात्र कोणी विचारलं नाही. पोरांच्या भल्याची गोष्ट असली की पोरांना विचारायची पद्धत नसते.

धोंडू डावीकडे गेला, सगुणा उजवीकडे. धोंडूची आई निश्चिंत झाली. सगुणाचा बापही निश्चिंत झाला. लेकीभोवती आता सगळी उघडी तोंडं होती, आणखी काय हवं?

आणि सगुणा मागे पडू लागली. विचारलं त्याचं उत्तर येईना. पाढा अडू लागला. पंतोजी म्हणाले, "पोरीचं लक्ष उडालंय." बापाने तिला रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. ती पाटी घेऊन कोपऱ्यात जाऊन बसे. आपली हुशार लेक अशी का झाली, हे त्याला उमगेना. पण सभेत उघड्यांचं पुढारपण केलेलं, आता तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

एके दिवशी वारा फिरला. तांबटांच्या भट्ट्यांचा धूर एरवी डोंगराकडे जाई, तो त्या सकाळी शाळेत शिरला. धोंडूला धाप लागली. फडक्याचा यात काही दोष नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हीही ऐकता ऐकता दोन तट कराल. धूर होता आणि छाती कच्ची होती, एवढंच.

पण त्याच्या बाजूच्या पोरांना काही कळलं नाही. धोंडू ओरडणारा पोरगा नव्हता. ओरडायला श्वासही नव्हता. त्याचे ओठ काळेनिळे पडत चालले होते आणि ते फडक्याआड होते. पंतोजी तेव्हा उजव्या बाजूला शिकवत होते.

जाजम जमिनीला पुरतं टेकत नव्हतं. खाली वीतभर फट होती. सगुणाला पंतोजींचं काही कळत नव्हतंच, म्हणून ती त्या फटीकडे बघत बसली होती. तिला धोंडूचा पाय दिसला. त्याची टाच जमीन घासत होती. ती घासणं तिला चांगलं ठाऊक होतं.

ती उठली आणि तिने जाजम ओढलं. दोरीसकट ते खाली आलं. पोरं ओरडली, पंतोजी छडी घेऊन धावले. पण सगुणाने आधी काय केलं ते नीट ऐका. तिने आपली ओढणी आपल्या नाकातोंडावरून घट्ट बांधली. मग धोंडूच्या तोंडावरचं फडकं सोडलं, त्याचे ओठ बघितले आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर नेलं. शाळेमागे, जिकडे धूर नव्हता तिकडे. तिथे तिने त्याला पुढे वाकवून बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

पंतोजींनी गावात माणूस पिटाळला. धोंडूची आई धावत आली, पदर कुठे, पाय कुठे. तिच्यामागे सगुणाचा बाप आला. आईने पोराचं उघडं तोंड पाहिलं आणि ती किंचाळली, "फडकं कोणी काढलं?"

सगुणाने तिच्याकडे पाहिलं. तोंडावरची ओढणी तशीच ठेवून ती म्हणाली, "मी काढलं. ओठ बघायला लागतात, काकू. ओठ निळे झाले की वाऱ्याला न्यायचं. टाच घासली की पाठ चोळायची. पूर्वी मी रोज बघायची. आता मध्ये जाजम आहे."

आई धोंडूशेजारी बसली आणि त्याची पाठ चोळू लागली. ज्या पोरीला आवरा म्हणून ती दारात जाऊन भांडली होती, ती पोरगी तिच्या लेकराच्या श्वासावर पहारा देत होती. आणि शेजारी बसायचं म्हणून स्वतःचं तोंड कोणी न सांगता बांधून बसली होती.

हळूहळू धोंडूचा श्वास ताळ्यावर आला. ओठांवर रंग आला. तो सगुणाकडे तोंड करून, एकेक शब्द सावकाश सुटा करत म्हणाला, "तुला... पुढचे... पाढे... सांगायचे राहिलेत."

बापाला काही कळेना. "कसले पाढे?"

"पंतोजी शिकवतात ते," धोंडू म्हणाला. "तिला त्यांचे ओठ दिसत नाहीत ना. मिशीत असतात. मग मी तिला हळूच सांगतो. त्यासाठी फडकं खाली करावं लागतं."

सगळे पंतोजींकडे बघायला लागले. पंतोजींचा हात आपोआप मिशीवर गेला. या पुटपुट्या पोराला वर्गात बडबडतो म्हणून त्यांनी कितीदा छडी मारली होती! आणि लेक शब्द न् शब्द टिपते म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

सगुणाच्या बापाला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो धोंडूसमोर उकिडवा बसला. गावच्या रीतीप्रमाणे त्याने तोंड समोर आणलं, मग काहीतरी आठवून थांबला, चार हात मागे सरकला आणि मग बोलला, "मी तुला बैल म्हणालो रे. तू माझ्या लेकीचे कान होतास."

आईने पदराने डोळे पुसले. "आणि तुमची लेक माझ्या पोराचा श्वास होती, भाऊजी. आपण दोघं मिळून काय तोडायला निघालो होतो!"

जाजम पुन्हा टांगलं गेलं नाही. धोंडू आणि सगुणा खिडकीजवळच्या चटईवर बसू लागली. धोंडू घरून येताना, गर्दीतून जाताना फडकं बांधे, पण चटईवर ते काढे, कारण सगुणाला त्याचे ओठ बघायचे असत. सगुणा आणि आजूबाजूची पोरं मात्र तिथे फडकं बांधून बसत, कारण धोंडूची छाती सांभाळायची असे. ज्याला सगुणाशी बोलायचं असेल त्याने चार हात मागे सरकायचं, फडकं खाली करायचं आणि मग बोलायचं. बाकीच्यांनी कधी बांधलं, कधी नाही. त्यावरून कोणी बारशाची आमंत्रणं रोखली नाहीत.

आणि पंतोजी? दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले तेव्हा त्यांचं तोंड सोललेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. मिशी साफ उतरवलेली. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या काळी माणूस मिशी कधी उतरवी ते. गावकरी गंभीर चेहरे करून शाळेच्या दाराशी जमले. एक वयस्क तांबट पुढे झाला, पंतोजींसमोर उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वाईट झालं, पंतोजी. कोण गेलं?"

पंतोजी सगुणाकडे बघत, तिला कळेल असे, सावकाश म्हणाले, "गेलं कोणी नाही. एक पोरगी रोज शाळेत येत होती, ती आज पोचली."

सगुणाने ते अख्खं वाक्य त्यांच्या ओठांवरून वाचलं, कोणी न सांगता. मग ती धोंडूकडे वळली आणि खुदकन हसली.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्या लेकराचं भलं कशात आहे हे ठरवण्याआधी, त्याच्या शेजारी बसणाऱ्या लेकराकडे एकदा नीट बघावं.