माहुताचा शब्द आणि राजांची मिशी

"उद्या दुपारी हैबतीला तापल्या सळईनं डागायचं!" असं मी फर्मावलं आणि स्वतःची फजिती ओढवून घेतली.

मी त्र्यंबकपंत, काजळगडच्या विसावाघराचा कारभारी. राजांच्या चाकरीत म्हातारे झालेले लोक तिथं राहत. ज्यांची वाचा गेली त्यांचा पालक मी, त्यांच्या वतीनं सगळं मीच ठरवायचो. माझ्याइतका शहाणा गडावर दुसरा नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूसही मीच!

हैबती जुना माहूत. झटका येऊन त्याचं उजवं अंग लुळं पडलं, बोलणं बंद झालं. वैद्य म्हणाले, "गुण येईलच असं नाही, पण डागून बघू." मी लगेच मान डोलावली. कातडी माझी थोडीच होती! हैबतीला बातमी सांगितली, तेव्हा त्यानं डाव्या हातानं माझी बाही घट्ट धरली. मला वाटलं, आभार मानतोय.

इतक्यात सटवाजी न्हावी आडवा आला. राजांची दाढी तोच करायचा आणि विसावाघरातल्या म्हाताऱ्यांचीही तोच.

"पंत, हैबतीबाबा धडधाकट हुते तवा चारचौघांत बोलले हुते. वाचा गेली तर मला डागू नका, माझ्या चंपा हत्तिणीपाशी न्हेऊन ठेवा!"

"तेव्हा म्हणाला असेल! आता म्हणतोय का?"

प्रकरण राजांपुढं गेलं. रणधीरराजे एक नंबरचे हट्टी.

"सटवाजी, उद्या दुपारच्या आत हे हैबतीच्या तोंडून आम्हाला ऐकव. नाहीतर त्याला डागणी आणि तुला गडाखाली वाट!"

मुक्याच्या तोंडून! मी गालातल्या गालात हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजे दाढीला बसले. रोजच्यासारखं त्यांनी बजावलं, "मिशीला हात लावशील तर खबरदार!" आणि रोजच्यासारखेच घोरू लागले. सटवाजीनं मला बोलावून घेतलं.

"पंत, मिशी ठेवू का काढू? म्हाराजांना तीनदा इचारलं, बोलतच न्हाईत. आता तुमीच पालक."

कुणी सल्ला विचारला की मला राहवतच नाही. "जेवताना कढीत बुडते रे ती! त्यांच्या भल्यासाठी काढच!"

सटवाजीनं मिशीला गार पाणी लावलं. राजे ताडकन उठले.

"मिशीला हात? तुला सांगितलं होतं ना!"

"कवा जी?"

"झोपायच्या आधी!"

"तवा सांगितलं असंल. पर झोपेत तुमी काय बी बोलला न्हाई. मग पंतांनी ठरवलं, तुमच्या भल्यासाठी!"

राजांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"मूर्खांनो! जागेपणी दिलेला शब्द झोपेतही आमचाच! तो मोडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

सटवाजीनं हात जोडले. "म्हाराज, हैबतीबाबांना हेच म्हणायचं हुतं!"

"पण त्याच्या तोंडून ऐकवायचं ठरलं होतं!"

"त्यांचं तोंड चालत न्हाई जी. म्हून तुमचं उसनं घेतलं!"

राजांचा हात मिशीवर गेला. मग ते असे खदखदून हसले की पाण्याची वाटी लवंडली! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं सटवाजीला दिलं आणि हुकूम सोडला. यापुढं विसावाघरात प्रत्येकानं बोलता येतंय तोवर दोन साक्षीदारांपुढं आपली इच्छा लिहून ठेवायची आणि पालकही आपला आपण निवडायचा.

त्याच दुपारी हैबतीला हत्तीखान्यात नेलं. चंपानं त्याच्या खांद्यावर सोंड ठेवली आणि तो अर्ध्या तोंडानं हसला. मला माझी फार लाज वाटली. ती बाही त्यानं का धरली होती, ते मला तेव्हा कळलं!

आता मीही त्याच विसावाघरात राहतो. माझा कागद तयार आहे. पालक म्हणून सटवाजीचं नाव घातलंय आणि पहिल्याच ओळीत ठणकावून लिहिलंय, डागणी नको! आता कातडी माझी आहे ना!