चिमीला बदक सापडेना

एक होता कॉम्प्युटर. त्याच्या पोटात राहायची एक मुंगी. तिचं नाव चिमी.

बाहेर बसायची मुक्ताताई. ती मुलांसाठी खेळ करायची, आणि चिमी ते खेळ तपासायची. खेळातलं चित्र जागेवर आहे ना, धावत जाऊन बघायची. चित्र सापडलं की हिरवा दिवा. हिरवा दिवा लागला की चिमीला साखरेचा दाणा.

एकदा मुक्ताताई म्हणाली, "चिमे, बदकाचं चित्र बघून ये गं. डावीकडे वळ, मग सरळ जा."

चिमी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. डावीकडे वळली. सरळ गेली. बदक नाही. लागला लाल दिवा.

तिथे कप्पेच कप्पे. सगळे बंद.

"कप्पेदादा, कप्पेदादा, बदक द्या."

कप्पा म्हणाला, "पाटी बोट दाखवील, तेव्हाच उघडेन."

चिमी गेली पाटीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पाटीबाई, पाटीबाई,
कप्पा उघडत नाही,
बदक सापडत नाही,
मुंगीला साखर मिळत नाही. बोट दाखव ना."

पाटी म्हणाली, "वाट सरळ होईल, तेव्हाच दाखवीन."

चिमी गेली वाटेकडे. तुरु... तुरु...

"वाटबाई, वाटबाई,
पाटी बोट दाखवत नाही,
कप्पा उघडत नाही,
बदक सापडत नाही,
मुंगीला साखर मिळत नाही. सरळ हो ना."

वाट म्हणाली, "दारातला उंबरठा सांगेल, तेव्हाच सरळ होईन."

आता काय करणार बिचारी? पाय दुखले. पोट रिकामं. गेली उंबरठ्याकडे. तु...रु... तु...रु...

"उंबरठेआजोबा, उंबरठेआजोबा,
वाट सरळ होत नाही,
पाटी बोट दाखवत नाही,
कप्पा उघडत नाही,
बदक सापडत नाही,
मुंगीला साखर मिळत नाही. सांगा ना तिला."

उंबरठा म्हणाला, "माझ्यापासून कुणी निघेल, तेव्हाच सांगेन."

चिमी म्हणाली, "मी आता कुठ्ठे निघत नाही. मला बदक नको. मला साखर नको." आणि तिथेच बसली. मुसू मुसू, मुसू मुसू.

उंबरठा हळूच म्हणाला, "वेडाबाई, मुक्ताताईने वाट सांगितली ती माझ्यापासून. तू निघालीस कुठून?"

"उभी होते तिथून."

"मग कसं सापडेल? आता बसलीस ना माझ्यावर? इथूनच निघ."

"तेवढंच?"

"तेवढंच गं."

चिमी उठली. उंबरठ्यावरून निघाली. डावीकडे वळली. मग सरळ.

उंबरठ्याने सांगितलं,
वाट सरळ झाली,
पाटीने बोट दाखवलं,
कप्पा उघडला. खट्!

आत बदक. क्वॅक क्वॅक.

लागला हिरवा दिवा. मुक्ताताई म्हणाली, "दमलीस गं बाई. हा घे तुझा दाणा."

चिमीने दाणा कुशीत घेतला. लगेच खाल्ला नाही. आधी थोडं रडून घेतलं.

मग खाल्ला. कुरुम कुरुम.