खोळीतलं यान

"चौदा वर्षं हे खोकं घरात आहे, बुवा, आणि मी ते एकदाही उघडलं नाही. याला संयम म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?"

विनायकरावांनी विचारलं आणि मांडीवरचं खोकं जरा आणखी जवळ ओढून घेतलं. उत्तर त्यांना घरूनच ठाऊक होतं. ते फक्त बुवांच्या तोंडून ऐकायला ते वाईच्या पुढचा एवढा डोंगर चढून आले होते.

बुवा भिंत रचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी दगड," ते म्हणाले.

बुवांच्या मठाचा तो नियमच होता. बुवा मूळचे गवंडी. अंगणाच्या कडेची भिंत त्यांनी चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय, नुसती दगडावर दगड बसवून उभी केलेली. दर पावसाळ्यात ती कुठेतरी ढासळायची आणि दर कार्तिकात बुवा ती पुन्हा रचायचे. येईल त्याने एक दगड बसवायचा, मग काय विचारायचं ते विचारायचं.

विनायकराव चित्राव जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनीअर. एका दगडाचं त्यांना ते काय!

पण खोकं कुठे ठेवायचं, यातच त्यांची पाच मिनिटं गेली. ऊन नको, धूळ नको, मुंग्या नकोत. शेवटी त्यांनी ते पायरीवर बसलेल्या इक्बालच्या मांडीवर ठेवलं.

"सांभाळ रे. कोपरे दुमडतील."

"दे बाबा. मीच आणलंय ते. विसरलास का?"

विसरले नव्हते. साताऱ्याच्या शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. तेराव्या वर्षी दोघांनी शाळा बुडवून एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. वाट चुकलेलं एक यान, आणि घर शोधत ताऱ्यांतून फिरणारी त्यातली माणसं. एक अक्षर कळलं नव्हतं. इक्बालनेच अंधारात मनाने संवाद रचून विनायकला कानात सांगितले होते, आणि तेच दोघांना जन्मभर पाठ राहिले.

पुढे इक्बाल मणेर मस्कतला शिलाईकामाला गेला. कायमचा परत आला तेव्हा त्याने एक खोकं विमानात मांडीवर घेऊन आणलं. त्याच यानाचा ठोकळ्यांचा सेट. पाच हजार तुकडे. "मिळून जोडू," तो म्हणाला होता.

विनायकरावांनी चौकशी केली. असा सेट आता निघत नाही, आणि सील न तुटलेला तर देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, असं कळलं. मग काय! खोकं कपाटात गेलं. दर ईदला शिरखुर्मा खाताना इक्बाल विचारायचा, "उघडायचं का?" आणि विनायकराव म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." एका वर्षी तर त्यांनी खोक्याला धूळ लागू नये म्हणून मऊ कापडाची खोळ शिवून घेतली. शिवली कोणी? इक्बालनेच.

आता इक्बालची नजर चालली होती. पुढच्या दिवाळीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून विनायकरावांना कपाटाकडे बघवत नव्हतं. पण हे त्यांनी बुवांना सांगितलं नव्हतं.

विनायकरावांनी एक दगड उचलला. निरखला. खाली टाकला. दुसरा उचलला, तोही टाकला.

तिसरा टाकला तेव्हा बुवा वळले.

"इंजिनेरसाहेब, उचललेला दगड खाली टाकायचा न्हाई. त्येची जागा हुडकायची."

"पण तो बसत नाही."

"बसवला कुटं? नुसता बगितला."

विनायकरावांनी चौथा दगड भिंतीवर ठेवला. हात काढला, तसा दगड डुगडुगला. त्यांनी खाली दगडाची बारीक कपची सारून पाहिली. दगड पुन्हा डुगडुगला. राज्यभरातल्या नद्यांवर पूल टाकलेला माणूस त्या दगडापुढे घामाघूम झाला.

"असू द्या," बुवा म्हणाले. "आता बोला. खोक्यात काय हाय?"

"यान."

"बगितलंय?"

"झाकणावर चित्र आहे ना!"

"चित्र न्हाई म्हनत मी. यान बगितलंय?"

"उघडल्याशिवाय कसं दिसेल?" विनायकराव चिडले. "आणि उघडलं की संपलंच सगळं. मग ते चारचौघांसारखं खेळणं. तुम्हीच सांगा, झाकली मूठ सव्वा लाखाची, खोटं आहे का?"

बुवांनी आपला मातीने भरलेला हात पुढे केला आणि मूठ आवळली.

"धरा माजा हात."

विनायकरावांनी ती मूठ वरून धरली.

"हात धरा म्हनलं मी."

विनायकरावांनी बोटं घालायला फट शोधली. मूठ घट्ट होती. हात कुठूनच धरता येईना.

बुवांनी मूठ सोडली आणि हात धोतराला पुसला.

"तुमी दोगं चढून येताना मी हितनं बगत हुतो," ते सहज म्हणाले. "ह्यो दोस्त तुमच्या शर्टाचं टोक धरून चालत हुता. तुमचं हात कुटं हुतं?"

विनायकरावांना कानशिलं तापल्यासारखी वाटली. दोन्ही हात कुठे होते ते त्यांना चांगलंच आठवत होतं. दीडशे पायऱ्या, मध्ये दोन ठिकाणी दगड निखळलेले, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"जाऊ द्या बुवा," इक्बाल पायरीवरून म्हणाला. "हा शाळेपासून असाच. नव्या पेन्सिलीला टोक करायचा नाही, झिजेल म्हणून. लिहायचा कशानं? माझ्या पेन्सिलीनं!"

बुवा खदखदून हसले. विनायकरावांनाही हसू आलं.

"तुमी या की हिकडं," बुवांनी इक्बालला हाक मारली. "तुमचा दगड ऱ्हायलाय."

"मला नीट दिसत नाही, बुवा."

"मी कुटं बगा म्हनलं?"

इक्बालने खोकं जपून पायरीवर ठेवलं आणि तो चाचपडत भिंतीपाशी आला. विनायकरावांच्या डुगडुगत्या दगडाला त्याचा हात लागला. त्याने तो उचलला. अंगठ्याने कडा चाचपल्या. मग दुसऱ्या हाताने भिंतीतली जागा चाचपली, अगदी काज करण्याआधी शिंपी कापड चाचपतो तशी. दगड त्याने उलटा केला, जरा फिरवला...

आणि ठेवला.

विनायकरावांनी दाबून पाहिलं. हलवून पाहिलं. दगड जागचा हलला नाही.

"कसं जमलं रे?"

"त्याला एका अंगाला पोट होतं," इक्बाल म्हणाला. "तू ते खाली घेतलं होतंस."

बुवा पुन्हा आपल्या कामाला लागले होते. जणू विचारायचं ते विचारून झालं होतं आणि सांगायचं तेही सांगून झालं होतं.

विनायकराव थोडा वेळ इक्बालच्या बोटांकडे बघत उभे राहिले. चाळीस वर्षं सुई धरून टोकांना घट्टे पडलेली ती बोटं. मग ते मित्राचा हात धरून त्याला पायरीपर्यंत घेऊन आले, त्याला बसवलं आणि शेजारी टेकले. खोक्याची खोळ काढली. सीलखाली नख घातलं.

त्यांनी डोळे मिटले आणि ओढलं.

चिकटपट्टीचा आवाज अंगणभर झाला.

"विनू...?" इक्बालने मान वळवली. "काय केलंस?"

"पुढचं वर्ष आलं," विनायकराव म्हणाले.

झाकण निघालं. चौदा वर्षं कोंडलेला प्लास्टिकचा वास बाहेर आला. इक्बालने आत हात घातला. पिशव्याच पिशव्या. त्याने एक दाताने फाडली. शिवणकाम करणाऱ्याची सवय, कात्री शोधण्याइतका धीर कुठला! एक तुकडा बोटांत घोळवला.

"चार टिंबं." दुसरा घेतला. "हा आठाचा. याच्या पोटात भोकं आहेत, बघ."

टक्.

दोन तुकडे एकमेकांत बसले. एवढासा आवाज, पण विनायकरावांना तो थेट काळजात ऐकू आला. त्यांनी चष्मा चढवला, पुस्तिका मांडीवर उघडली आणि पहिलं चित्र मोठ्याने वाचून दाखवलं. इक्बाल हात पुढे करायचा, विनायकराव त्यात तुकडा ठेवायचे.

टक्. टक्.

"कप्तान!" इक्बाल मध्येच घोगऱ्या आवाजात ओरडला. "डावीकडचा तारा आपला नव्हे! यान वळवा!"

हाच तो एकोणपन्नास वर्षांपूर्वी कानात सांगितलेला संवाद. दोघं म्हातारे पायरीवर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दुपार झाली, मठात भाकरी झाली, तरी दोघांना उठायचं भान नव्हतं. इतकं सुख विनायकरावांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण माणसाचं मन ते. पहिली पिशवी संपली, आणि त्यांची नजर उरलेल्या पिशव्यांवर गेली. ते उठून बुवांजवळ आले आणि हळूच म्हणाले,

"बुवा, पाच हजार तुकडे आहेत. महिनोन्‌महिने लागतील. यान पुरं व्हायच्या आत त्याची नजर गेली, तर?"

बुवांनी एक दगड उचलला. हातात फिरवला. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी त्याची जागा हुडकून तो बसवला.

"मग सावकाश जोडा."